'एक्स्पेडिशन ३३'चा शेवट कसा वाचावा: टप्प्याटप्प्याने

'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३' हा व्हिडिओ गेम संपवलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो हा: शेवटी समोरासमोर येणाऱ्या दोन पात्रांपैकी तू माएलच्या बाजूचा की व्हर्सोच्या? या प्रश्नानेच पुढची सगळी चर्चा बिघडते. बाजू आधी ठरते, मग तिच्यासाठी पुरावे शोधले जातात आणि गैरसोयीचे पुरावे गाळले जातात. व्हर्सोचा शेवट पटलेले लोक ल्यूमिएर या रंगवलेल्या शहराच्या रहिवाशांना 'शेवटी रंगच तो' म्हणून निकालात काढतात. माएलचा शेवट पटलेले लोक, ज्या कॅनव्हासमध्ये ही कथा घडते त्याच्या गाभ्यात रंगवत राहिलेल्या त्या बिनचेहऱ्याच्या मुलाचा विषयसुद्धा काढत नाहीत.

शेवटाचा अर्थ लावायचा एक क्रम आहे. आधी घटना, मग माणसं, मग कोणाला काय माहीत होतं ते, मग संमती, मग पडद्यावरची चित्रभाषा आणि सगळ्यात शेवटी थीम. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. 'हा गेम दुःखाबद्दल आहे' हे वाक्य आधी लिहितात आणि सगळ्या प्रसंगांना त्याखाली बसवतात. मग कुणीतरी हिशेबातून सुटतंच. माझा आग्रह एवढाच आहे की ज्या अर्थातून एखादं पात्र सुटलंय, तो अर्थ अजून पुरा झालेला नाही.

सावधान: इथून पुढे दोन्ही शेवटांसकट सगळी कथा उघड होते. गेम संपवला नसेल तर आधी संपवा.

## तयारी

पहिला शेवट स्वतः निवडून पाहा. रेन्वारबरोबरची मोठी लढत संपल्यावर गेम विचारतो की पुढे कोण म्हणून लढायचं, माएल की व्हर्सो. तिथे नेट शोधू नका, मित्राला विचारू नका. मनाने जो कौल दिला तो घ्या आणि लगेच दोन ओळींत लिहून ठेवा की हा का घेतला. त्या दोन ओळी पाचव्या टप्प्यात लागतील.

मग सेव्ह लोड करून दुसरा शेवट पाहा. शेवटचा भाग पुन्हा खेळायचा कंटाळा आला तर यूट्यूबवर पाहिला तरी हरकत नाही. फक्त तो पूर्ण, सलग आणि कुणाच्याही कॉमेंटरीशिवाय पाहा. मधेमधे थांबून अर्थ सांगणारे व्हिडिओ या पायरीवर सगळ्यात घातक. दृश्य डोळ्यांत उतरायच्या आधीच त्यावर दुसऱ्याचं लेबल लागतं.

कथेच्या तिसऱ्या अंकात नकाशा मोकळा होतो आणि कित्येक जण थेट ल्यूमिएरकडे धावतात. कथेच्या दृष्टीने ही मोठी चूक. निदान दोन ठिकाणं आधी करा: 'द रीचर' आणि 'फ्लाइंग मॅनर'. शिवाय कॅम्पमध्ये थांबून सोबत्यांशी जेवढी बोलणी खुली होतात तेवढी सगळी करा. ही बोलणी साईड कंटेंटसारखी दिसतात, पण शेवटाचे अर्धे पुरावे तिथेच आहेत.

सावधान: तिसऱ्या अंकातलं सगळंच्या सगळं उरकून रेन्वारसमोर गेलात तर तुमची पार्टी इतकी बलवान झालेली असते की लढत चटकन संपते आणि तिचं वजन जाणवत नाही. उलट पॅरी (शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवणं) जमत नसल्यामुळे तुम्ही अडकला असाल तर डिफिकल्टी 'स्टोरी'वर आणा. कथेतलं एक अक्षरही कमी होत नाही.

## टप्पा १: घटना घडल्या त्या क्रमाने मांडा

गेम कथा सांगतो तो क्रम आणि घटना घडल्या तो क्रम वेगळे आहेत. अर्थ लावायला दुसरा क्रम हवा. कागदावर मांडा. साधारण असा येईल:

१. कॅनव्हासबाहेर देसांद्र नावाचं चित्रकारांचं कुटुंब आहे: आई आलीन, वडील रेन्वार, मुलं क्लेआ, व्हर्सो आणि आलिसिया. व्हर्सोने लहानपणी एक कॅनव्हास रंगवला. एस्की, मोनोको आणि जेस्ट्रल ही त्या बालपणातली निर्मिती.

२. लेखकांच्या गटाशी असलेल्या वैरातून घराला आग लागते. आलिसियाला वाचवताना व्हर्सो मरतो. ती वाचते, पण चेहरा भाजलेला आणि आवाज गेलेला.

३. आलीनला मुलाचं जाणं सोसत नाही. ती त्याच्या कॅनव्हासमध्ये शिरते आणि तिथे आपलं कुटुंब नव्याने रंगवते. बाहेर येत नाही.

४. तिला बाहेर काढायला रेन्वार आत जातो. दोघांच्या झुंजीत कॅनव्हासचं जग फाटतं. ल्यूमिएरमध्ये त्यालाच 'फ्रॅक्चर' म्हणतात. रेन्वार मोनोलिथखाली अडकतो, आलीन वर.

५. दरवर्षी मोनोलिथवरचा अंक एकाने कमी होतो आणि त्या वयाची माणसं विरून जातात. हाच गोमाज. खेळ सुरू होतो तेव्हा ६७ वर्षं उलटली आहेत आणि ३४ पुसून ३३ लिहिला जातो.

६. क्लेआ वडिलांच्या बाजूने उतरते, एक्स्पेडिशनवर तुटून पडणारे नेव्हरॉन नावाचे राक्षस तयार करते, आणि आलिसियाला आत पाठवते. आलिसियाची स्मृती जाते आणि ती ल्यूमिएरमध्ये माएल म्हणून जन्माला येऊन १६ वर्षं जगते.

७. गोमाज थांबवायला एक्स्पेडिशन ३३ निघते. माएलला सांभाळणारा गुस्ताव्ह मारला जातो. आलीनने रंगवलेला व्हर्सो सामील होतो. पेन्ट्रेस, म्हणजे आलीन, हरते आणि कॅनव्हासबाहेर फेकली जाते. त्यानंतर उरलेलं सगळं ल्यूमिएर विरतं, एक्स्पेडिशनमधल्या ल्यून आणि सिएलसकट.

८. आलिसियाला सगळं आठवतं. ती ल्यून आणि सिएलला परत आणते, आणि रेन्वारशी शेवटची लढत होते.

तपासणी: स्वतःला विचारा, मोनोलिथवरचा अंक कोणी लिहिला आणि माणसं कोणी पुसली? दोन्हींचं उत्तर 'पेन्ट्रेस' आलं तर पुढे जाऊ नका. अंक आलीन लिहीत होती. पुसत होता रेन्वार. तो अंक म्हणजे तिची धमकी नव्हती. कोणत्या वयापलीकडच्यांना आपण आता वाचवू शकत नाही, हे ती लिहून सांगत होती. ल्यूमिएरने तो इशारा शिक्षा समजून वाचला आणि आपण, हातात कंट्रोलर घेऊन, कथेचे पहिले दोन अंक त्याच गैरसमजावर खेळलो.

## टप्पा २: एकाच नावाची दोन माणसं वेगळी करा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

बाहेरचा व्हर्सो आगीत मेला. आपल्या पार्टीतला व्हर्सो आलीनने रंगवलेला. त्याला मूळ व्हर्सोच्या आठवणी दिलेल्या आहेत आणि त्या आपल्या नाहीत हेही त्याला माहीत आहे. रेन्वार दोन. आलिसिया दोन, मुखवट्यातली ती रंगवलेली मुलगी आणि आपली माएल. क्लेआही दोन. आलीन मात्र एकच, कारण रंगवणारी तीच होती. आणि तो बिनचेहऱ्याचा मुलगा या सगळ्यांहून वेगळा. तो मूळ व्हर्सोच्या आत्म्याचा अंश आहे. तो रंगवतो आहे म्हणून कॅनव्हास टिकून आहे.

'ज्या रेन्वारने गुस्ताव्हला मारलं त्यालाच माएल शेवटी मिठी कशी मारते?' हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकलाय. गुस्ताव्हला मारणारा रंगवलेला रेन्वार होता. तो मोनोलिथवरच संपला. शेवटच्या लढतीतला रेन्वार हा बाहेरचा, आलिसियाचा खरा बाप.

दोघांना काय हवंय ते शेजारीशेजारी लिहा, कारण इथे कथेची एक मोठी गाठ सुटते. रंगवलेल्या रेन्वारला कॅनव्हास टिकवायचा आहे. पेन्ट्रेस गेली तर आपलं कुटुंब जाईल हे तो ओळखतो, म्हणून एकामागून एक एक्स्पेडिशन कापत सुटतो. खऱ्या रेन्वारला कॅनव्हास पुसायचा आहे, कारण आलीन आणि मग आलिसिया त्यात संपतील हे तो ओळखतो. इच्छा एकमेकींच्या थेट विरुद्ध, कारण मात्र एकच: माझं कुटुंब. आणि दोघांच्याही हातून मेले ते ल्यूमिएरचेच लोक.

तपासणी: 'रंगवलेला' आणि 'खरा' हे शब्द वापरताना 'खोटा' हा शब्द लेखणीतून उतरला का ते पाहा. रंगवलेला रेन्वार खऱ्याइतकाच घाबरतो, खऱ्याइतकंच प्रेम करतो. खोटा म्हटलंत की सहाव्या टप्प्याचं उत्तर तुम्ही इथेच गुपचूप देऊन टाकलंत.

## टप्पा ३: कोणाला, कधी, काय माहीत होतं

प्रत्येक पात्रापुढे एक ओळ लिहा. फार वेळ लागत नाही, पण पुढचा न्याय याच्यावर उभा राहतो.

गुस्ताव्हला काहीच माहीत नव्हतं आणि तो तसाच गेला. त्याने केलेली प्रत्येक गोष्ट या जगाला खरं मानून केली. ल्यून आणि सिएलला सत्य कळलं ते एकदा विरून परत आल्यावर. माएलला दुसऱ्या अंकाच्या शेवटी. व्हर्सोला मात्र सुरुवातीपासून जवळपास सगळं ठाऊक होतं: माएल कोण आहे, पेन्ट्रेस कोण आहे, तिला हरवल्यावर काय होणार आहे. एवढं माहीत असून त्याने एक्स्पेडिशनला मोनोलिथपर्यंत नेलं. कॅम्पमधल्या बोलण्यात तो माएलजवळ कबूलही करतो की गुस्ताव्हला वाचवणं त्याला शक्य होतं.

म्हणून व्हर्सोच्या शेवटात तो जे करतो ते दुसऱ्यांदा करतो. पहिल्यांदा त्याने लपवून केलं, दुसऱ्यांदा समोरासमोर. हा फरक त्याच्या बाजूनेही मांडता येतो आणि विरुद्धही, पण टाळता येत नाही.

सावधान: तिसऱ्या अंकातलं ज्ञान पहिल्या अंकातल्या माणसांवर लादू नका. 'पेन्ट्रेसवर चालून जाणं हीच ल्यूमिएरची चूक' असं म्हणणारे हे विसरतात की त्यांच्यापुढे दुसरी काही माहितीच नव्हती. ज्याच्याकडे माहिती होती तो गप्प होता.

## टप्पा ४: संमती कोणाला विचारली?

मला विचाराल तर सगळा गेम या टप्प्यावर उघडतो. इथे घाई करू नका.

'द रीचर'च्या माथ्यावरचा प्रसंग आठवा, किंवा पुन्हा खेळा. तिथे माएलची गाठ रंगवलेल्या आलिसियाशी पडते. तीच भाजलेली, तीच मुकी. आगीनंतरच्या मुलीची हुबेहूब प्रत आईने रंगवली आहे, जखमांसकट. आईने मुलाला धडधाकट रंगवलं आणि मुलीला मात्र तिच्या जखमा परत दिल्या. याहून कठोर तपशील या गेममध्ये मला दुसरा सापडत नाही. दोघी लढतात. त्यानंतर रंगवलेली आलिसिया जाऊ देण्याची मागणी करते आणि माएल ती मान्य करते. तिला विरघळू देते. व्हर्सो बाजूला उभा असतो आणि हादरतो, कारण त्याच्यासाठी ती बहीणच होती.

आता माएलच्या शेवटाकडे या. व्हर्सो हरलाय. तोही तेच मागतो. मला हे आयुष्य नको, मला जाऊ दे. माएल देत नाही. वय वाढलं असतं, म्हातारा होऊ शकला असतास तर जगावंसं वाटलं असतं का, असं त्याला विचारते, आणि पुढच्या दृश्यात तो खरोखरच थोडा वयस्कर होऊन समोर येतो. म्हणजे तिने त्याच्या 'नाही'ला उत्तर दिलं ते त्याला बदलून.

एकच मुलगी, एकच मागणी, दोन वेगळी उत्तरं. पहिल्या वेळी गमवायची होती ती तिची स्वतःची प्रतिमा. दुसऱ्या वेळी भाऊ. हा फरक नोंदवल्याशिवाय माएलच्या शेवटाबद्दल लिहू नका.

तीच मोजपट्टी मग व्हर्सोच्या शेवटाला लावा, तितक्याच कडकपणे. तो त्या मुलापाशी जातो. तू दमला आहेस ना, आता थांबूया, अशा अर्थाचं बोलतो आणि मुलगा त्याचा हात धरतो. विचारलं, हे खरं. पण विचारलं कधी? माएलला हरवून झाल्यावर, निर्णय घेऊन झाल्यावर. आणि ल्यूमिएरला विचारलं का? ल्यूनला? सिएलला? त्या दोघी या शेवटच्या झुंजीच्या वेळी तिथे नसतात. जगाचं काय करायचं हे एक भाऊ आणि एक बहीण ठरवतात आणि ज्यांचं जग आहे त्या बाहेर उभ्या असतात. कित्येक तास आपल्या शेजारी लढलेली पात्रं निर्णयाच्या खोलीतून वगळणं ही लेखकांची नजरचूक असेल असं मला वाटत नाही.

यादी इथे थांबवू नका. आलीनने व्हर्सोची प्रत करताना कोणाला विचारलं? खऱ्या क्लेआने रंगवलेल्या क्लेआला नेव्हरॉन घडवायला जुंपलं, ते 'फ्लाइंग मॅनर'मध्ये दिसतं. रेन्वारने आलीनला बाहेर ओढताना तिची मर्जी पाहिली का? इथे एक गुंता आहे तोही लिहून घ्या: रेन्वार स्वतः कधीकाळी एका कॅनव्हासमध्ये हरवला होता आणि त्याला आलीननेच बाहेर काढलं होतं. तो जे करतोय ते त्याच्यावर कधीतरी झालेल्या उपकारासारखं त्याला वाटतं. म्हणूनच तो नुसता खलनायक होत नाही, आणि म्हणूनच लेकीने 'घरी येईन' म्हटल्यावर तो विश्वास ठेवून निघून जातो.

तपासणी: तुमच्या यादीत संमती न विचारता निर्णय घेणारा माणूस एकाच बाजूला दिसत असेल तर यादी अपुरी आहे. देसांद्र कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव त्यात कधी ना कधी आलं पाहिजे.

## टप्पा ५: पडद्यावर काय दिसतं ते आधी लिहा, अर्थ नंतर

दोन्ही शेवट पुन्हा पाहा आणि पहिल्या फेरीत एकही मत न लिहिता फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहा. 'भयानक', 'हृदयद्रावक' हे शब्द वर्ज्य.

माएलच्या शेवटात ल्यूमिएरचं ऑपेरा हाऊस आहे. लोक जमले आहेत. गुस्ताव्ह आहे, त्याची जुनी प्रेयसी सोफी आहे. सिएलबरोबर तिचा नवरा पिएर आहे. व्हर्सो रंगमंचावर येतो, पियानोपाशी जातो, घुटमळतो. माएल प्रेक्षकांतून पाहते. रंग उडतात, चित्र काळंपांढरं होतं, माएलचा चेहरा रंगाने डागाळलेला दिसतो. व्हर्सो वाजवायला लागतो.

आता पिएरवर थांबा. तो मेला होता, पण गोमाजमुळे नाही. सिएल ते दुःख पोटात घेऊन जगायला शिकलेली बाई होती. तिच्या बोलण्यातला शांतपणा तिथून आलेला होता. पिएर परत आला. चांगलं झालं की वाईट, हे लगेच ठरवायची गरज नाही. पण माएलने गोमाजमुळे झालेलं नुकसान भरून काढलं आणि तिथे थांबली, असं आता म्हणता येत नाही. ती मृत्यूच मागे घेऊ लागली आहे. ऑपेरा हाऊस उभं आहे याचा अर्थ तो मुलगा अजून रंगवतो आहे, हेही शेजारी लिहा.

व्हर्सोच्या शेवटात निरोप आहेत. मोनोको आणि एस्की त्याला जवळ घेतात. सिएलच्या चेहऱ्यावर स्वीकार आहे. ल्यून मात्र खाली बसते आणि त्याच्याकडे रोखून बघत राहते, एक शब्द न बोलता, विरून जाईपर्यंत. संगीत हळवं आहे, उजेड सुंदर आहे आणि त्या सगळ्याच्या मधोमध ही बाई त्याला माफ करत नाही. अनेक जण हा शेवट आठवतात तेव्हा ल्यून त्यांच्या आठवणीत नसते. परत जाऊन पाहा. त्यानंतर स्मशानभूमी: व्हर्सोची कबर, एकत्र उभे आलीन आणि रेन्वार, क्लेआ, आणि एस्कीची बाहुली धरलेली आलिसिया. तिला दूरवर तिचे सोबती दिसतात. ते हात हलवतात आणि विरतात.

मग दुसरी फेरी, अर्थाची. इथे होणारी चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिला स्वतंत्र जागा द्यायला हवी.

सामान्य चूक: माएलच्या शेवटाची मांडणी भयपटासारखी आहे, म्हणून तो 'वाईट शेवट' आणि दुसरा 'चांगला', असा निष्कर्ष. मांडणी कोणाबद्दल बोलते ते पाहा. काळ्यापांढऱ्या चौकटीत डागाळलेला चेहरा माएलचा आहे. तो सांगतो की माएल स्वतःला संपवते आहे, आई संपत होती तशी. खुर्च्यांवर बसलेले लोक खरे नाहीत, असं तो सांगत नाही. तसंच कबरीपाशी पडलेलं कोवळं ऊन सांगतं की हे कुटुंब पुन्हा एकत्र शोक करू शकतंय. ल्यूमिएर पुसलं गेलं ते ठीक झालं, असं ते ऊन सांगत नाही. मांडणीतून भावना कळते. निवाडा त्यातून उचलता येत नाही.

सुरुवातीला लिहिलेल्या त्या दोन ओळी आता काढा. त्यांतलं कारण घटनेतून आलं होतं की संगीतातून, ते कळेल.

## टप्पा ६: थीम घासूनपुसून घ्या

'हा गेम दुःखाबद्दल आहे.' बरोबर, पण यातून काहीच हाती लागत नाही. मरण असलेल्या कुठल्याही कथेला हे लावता येतं. थीम इतकी नेमकी करा की ती चुकीची ठरू शकेल. मग तिला कथेतले एकमेकांशी संबंध नसलेले निदान तीन प्रसंग आधार देतात का ते पाहा.

उदाहरण म्हणून माझं वाचन देतो. चौथ्या टप्प्यातल्या यादीतून पहिलं वाक्य निघतं: या कुटुंबातला प्रत्येक जण दुःखाच्या भरात दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय स्वतःच्या हातात घेतो. आलीन, रेन्वार, क्लेआ, माएल, व्हर्सो. आधार भरपूर.

पण एवढ्यावर थांबलं तर ल्यूमिएर पुन्हा हिशेबातून सुटतं. म्हणून अगदी सुरुवातीकडे जाऊ. बंदरावर गुस्ताव्ह आणि सोफी उभे आहेत. आज ती विरणार हे दोघांना ठाऊक आहे, सगळ्या शहराला ठाऊक आहे. लोक फुलं घेऊन आलेत. ही दोघं एकेकाळी वेगळी झाली होती ती मूल व्हावं की नाही या प्रश्नावरून, कारण जिथे प्रत्येकाच्या मरणाचं वर्ष ठरलेलं आहे तिथे मूल आणणं हा साधा निर्णय नाही. सोफी जाते. गुस्ताव्ह तिला थांबवू शकत नाही आणि त्यानंतर तो एक्स्पेडिशनवर निघतो, मागे राहणाऱ्या आपल्या शिकाऊ पोरांसाठी. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी, हे या लोकांचं ब्रीद आहे. वाटेत सापडणाऱ्या आधीच्या एक्स्पेडिशनच्या नोंदी वाचा. मरणारी माणसं पुढच्यांसाठी खुणा, दोर, सूचना सोडून गेली आहेत.

ज्यांना 'नुसता रंग' म्हटलं जातं त्यांनी ६७ वर्षं माणसं गमावली आणि गमावणं कसं असतं ते शिकून घेतलं. त्यांना घडवणाऱ्या कुटुंबाला एक मृत्यू सोसता आला नाही. दुःख कसं वागवायचं हे या कथेत ल्यूमिएरला येतं, देसांद्रांना येत नाही. माझ्या मते शेवटाची खरी शोकांतिका इथे आहे. माएल त्या शहरात १६ वर्षं वाढली, गुस्ताव्हच्या हाताखाली, आणि तरी निर्णयाच्या क्षणी ती देसांद्रच झाली. तिच्या शेवटात ल्यूमिएर उरतं पण ते शहाणपण जातं, कारण आता तिथे कोणी मरतच नाही. व्हर्सोच्या शेवटात शहर जातं आणि ते शहाणपण बाहेर एकट्या, मुक्या आलिसियाच्या स्वाधीन होतं. ती ते पेलू शकेल की नाही हे गेम सांगत नाही.

हे वाचन तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. ते कुठल्या प्रसंगांवर उभं आहे ते मात्र दिसतंय, आणि ते पाडायचं तर कोणते प्रसंग आणावे लागतील हेही दिसतंय. तुमच्या वाचनाची मांडणीही अशीच असू द्या.

तपासणी: हेतू एकेरी झालेत का? माएलला ल्यूमिएर वाचवायचं आहे आणि भाजलेल्या, मुक्या शरीरापासून पळायचंही आहे. व्हर्सोला बहिणीला वाचवायचं आहे आणि स्वतः मरायचंही आहे. दोघांच्याही बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमच्या वाक्यात 'खरं तर तिला फक्त…' किंवा 'त्याला मुळात फक्त…' आलं असेल तर तो 'फक्त' खोडा आणि वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा ७: विरुद्ध बाजूच्या माणसासमोर ठेवा

लिहून झालेलं वाचन, ज्याने दुसरा शेवट निवडला अशा एका माणसाला द्या. 'पटलं का' असं विचारू नका. त्याला एवढंच विचारा: तुझ्या बाजूचं कोणतं दृश्य मी वगळलंय? त्याने नाव घेतलेलं दृश्य पुन्हा खेळा किंवा पाहा आणि आपल्या मांडणीत आणा. ते आणल्यावर मांडणी मोडत असेल तर तिसऱ्या टप्प्यापासून परत या. पहिले दोन टप्पे सहसा बदलावे लागत नाहीत.

कोणीच उपलब्ध नसेल तर हजेरी घ्या. ल्यून, सिएल, रंगवलेली आलिसिया, तो मुलगा, आलीन, ऑपेरा हाऊसमधला पिएर, एस्की. प्रत्येक नावापुढे तुमच्या लेखातलं एक तरी वाक्य दाखवता आलं पाहिजे. बहुतेकांचं एस्कीपाशी अडतं. तो गोड आहे म्हणून त्याच्याकडे कथेचा पुरावा म्हणून कोणी पाहत नाही, आणि खरं तर मेलेल्या व्हर्सोच्या बालपणातून तो थेट आलेला आहे आणि स्मशानभूमीतल्या आलिसियाच्या हातात बाहुली म्हणून तोच उरलेला आहे. त्याच्यावर एक परिच्छेद लिहा, मग लेख पाठवा.